फिर्याद विकत घेऊ नका

पोलीस ठाण्याची पायरी चढताना आपला हात प्रथम खिशाकडे जातो काय? जात असेल तर तो आवरा. फिर्याद नोंदविणे ही अंमलदाराची मेहेरबानी नव्हे; ते त्याचे कर्तव्य आहे. खबरीतून दखलपात्र गुन्हा उघड होत असल्यास ती नोंदविणे बंधनकारक आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०१३ साली ललिताकुमारी खटल्यात दिला. नोंदीची प्रत फिर्यादीस विनामूल्य मिळते. ठाण्यात नकार मिळाल्यास तीच खबर टपालाने पोलीस अधीक्षकांकडे धाडावी.

लाच मागितली गेल्यास ती देण्यापूर्वीच लाचलुचपत प्रतिबंधक विभागास १०६४ या क्रमांकावर कळवावे. २०१८ च्या दुरुस्तीने लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. बळजबरीने द्यावी लागली तरी सात दिवसांच्या आत तक्रार केली पाहिजे.

ध्यानात ठेवा, आज आपण निमूटपणे दिलेला रुपया उद्या शेजारच्या विधवेसाठी दर ठरतो. तिच्यापाशी तो नसेल, तर तिच्यावरील अन्यायाची नोंद कोण घेणार? म्हणून ठाण्यात एकट्याने जाऊ नका, लेखी फिर्याद सोबत न्या आणि प्रत हाती पडल्याखेरीज परतू नका. हक्काला किंमत मोजू लागलो, की तो हक्क उरत नाही.