पंचाऐंशी कोटींचा पायलट

सरकारी विमान नेमकं कोणाचं? उडत असेल तर मुख्यमंत्र्यांचं. पडलं तर पायलटचं. हँगरमध्ये उभं असेल तर कोणाचंच नाही. मी गंमत करत नाही. मध्य प्रदेश सरकारने हे तत्त्व रीतसर नोटीस काढून मांडलेलं आहे.

६ मे २०२१ची रात्र. करोनाची दुसरी लाट. रेमडेसिविरच्या एका कुपीसाठी लोक औषधांची दुकानं पालथी घालत होते, आणि त्या औषधाची खोकी घेऊन मध्य प्रदेश सरकारचं किंग एअर बी-२५० विमान ग्वाल्हेरला उतरत होतं. आत दोन पायलट आणि एक नायब तहसीलदार. (औषध सरकारी असलं की त्याला एकट्याने प्रवास करता येत नाही, सोबत महसूल खातं लागतं.) ग्वाल्हेरची धावपट्टी हवाई दलाची. तिच्या टोकाला एक जाळं असतं, अरेस्टर बॅरियर; ब्रेक न लागलेल्या लढाऊ विमानाला अडवण्यासाठी. त्या रात्री ते उभं होतं. विमान त्यावर आदळलं. तिघेही जखमांवर निभावले. विमान कामातून गेलं.

जाळं वर आहे हे मला कोणी सांगितलंच नाही, असं पायलटचं म्हणणं. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, त्याचं लायसन्स वर्षभरासाठी निलंबित केलं. चूक कोणाची किती, हे तपास करणाऱ्यांनी ठरवावं, माझा त्यात अधिकार नाही. माझा अधिकार पुढच्या प्रहसनापुरता.

फेब्रुवारी २०२२मध्ये राज्य सरकारने त्या पायलटला वसुलीची नोटीस धाडली. रक्कम? ८५ कोटी रुपये. साठ कोटी विमानाचे आणि पंचवीस कोटी नंतर भाड्याने घ्याव्या लागलेल्या खासगी विमानांचे. हे पंचवीस पुन्हा एकदा वाचा. मोडलेलं विमान भरून दे, हे एक वेळ समजू शकतं. सावकारी वृत्तीचा माणूस असंही बोलून जातो. पण ते मोडलं म्हणून मान्यवरांना दुसऱ्याच्या विमानातून हिंडावं लागलं, तर त्या हिंडण्याचं भाडंही तूच भर? समजा, पायलटला महिन्याला पाच लाख मिळतात. सगळा पगार तिजोरीत भरला आणि स्वतः हवेवर जगला, तरी फेड व्हायला १४१ वर्षं आठ महिने लागतील. व्याज धरलेलं नाही. सरकार दयाळू आहे.

आता तुम्ही विचाराल, विमा काय करत होता? तुम्ही चतुर आहात म्हणूनच विचारलंत, विमानन विभागाला हा प्रश्न सुचलाच नव्हता. साठ कोटींच्या यंत्राचा विमाच उतरवलेला नव्हता! पायलटने उलट विचारलं, विमा नसताना हे उडवायला परवानगी दिली कोणी? प्रश्न उद्धट होता. बिनतोडही होता.

यावर अधिकाऱ्यांकडे एक भारदस्त युक्तिवाद असतो. राज्य सार्वभौम आहे, तिजोरी अथांग आहे, राज्याला विमा कशाला? हा विचार कायद्यातही बसलेला आहे. तुमच्या स्कूटरचा थर्ड पार्टी विमा संपला तर चौकातला हवालदार तुम्हाला बाजूला घेतो. पण मोटार वाहन कायद्याचं तेच कलम १४६ सरकारी कामाच्या सरकारी गाड्यांना सूट देतं. कारण नुकसान झालंच तर राज्य ते स्वतः सोसेल, असं गृहीत धरलेलं आहे. ठीक आहे, मान्य. मग सोसा ना! हप्ता वाचवताना सार्वभौम आणि नुकसान भरताना पायलटच्या खिशात हात, हे कुठल्या राजनीतिशास्त्रात बसतं? कौटिल्यानेही कपाळाला हात लावला असता.

आपण महाराष्ट्रवाल्यांनी फार हसू नये. फेब्रुवारी २०२१मध्ये राज्यपाल भगतसिंह कोश्यारी डेहराडूनला निघाले, मुंबईत सरकारी विमानात जाऊन बसले आणि काही मिनिटांनी उतरले. परवानगी आलेली नव्हती. राजभवन म्हणालं, पत्र केव्हाच दिलं होतं. सरकार म्हणालं, परवानगी मिळाल्याची खात्री करायला हवी होती. महामहिम साध्या प्रवासी विमानाने गेले. त्यावर राज्यभर चर्चा रंगली ती घटनात्मक पदाच्या अवमानाची. राज्यपाल असोत की मुख्यमंत्री, या विमानाचा पहिला उपयोग नेत्यांना इकडून तिकडे नेण्याचा का, हे कोणी विचारलं नाही. मानापमानाचे प्रयोग आपल्याकडे अजून हाउसफुल्ल जातात.

सरकारी विमान हे अवजार असू शकतं, ही कल्पनाच आपल्याला परकी. कॅलिफोर्नियाचं अग्निशमन खातं, कॅल फायर, साठाहून अधिक विमानं-हेलिकॉप्टरं बाळगतं. त्यातली एस-२टी ही मूळची अमेरिकी नौदलाची पाणबुड्या शोधणारी विमानं. नौदलाने निवृत्त केली, यांनी इंजिनं बदलून आगीवर धाडली. आत पायलट एकटा, पोटात साडेचार हजार लिटर अग्निरोधक. गव्हर्नरला न्यायचंच तर टाकीत बसवावं लागेल. वणव्यावर साधारण वीस मिनिटांत पोहोचायचं, हे उद्दिष्ट धरून तळ जागोजाग ठेवलेले. विमान कुठे उभं करायचं हे तिथे आग ठरवते, बंगला नाही.

आणि आपल्या देशात ज्यांच्याकडे खरोखर कामाची विमानं आहेत, त्यांचं काय? २२ डिसेंबर २०१५ला सीमा सुरक्षा दलाचं सुपरकिंग विमान दिल्लीहून रांचीला निघालं आणि उड्डाणानंतर लगेच द्वारकेजवळ कोसळलं. दहाही जण गेले. त्यात बरेचसे तंत्रज्ञ होते, रांचीला उभं असलेलं एक हेलिकॉप्टर दुरुस्त करायला निघालेले. इथे मला विनोद सुचत नाही. विमान खरेदीची फीत कापायला मंत्री येतात. पाने घेऊन जाणाऱ्या माणसाचं नाव कोणाला ठाऊक नसतं.

विमानाची निगा म्हणजे हा पानेवाला, सुट्या भागांचं कपाट, पायलटची ठरलेली विश्रांती आणि वेळेवर भरलेला हप्ता. सगळं कंटाळवाणं. यातल्या कशालाच हार घालता येत नाही, म्हणून यातलं काहीच फाइलवर वर सरकत नाही. वर सरकते ती खरेदी. जुलै २०२४मध्ये मध्य प्रदेशच्या मंत्रिमंडळाने चॅलेंजर ३५०० हे नवं जेट घ्यायला मंजुरी दिली, किंमत सुमारे २३३ कोटी. जुन्याच्या जवळपास चौपट.

या जेटसाठी पायलटची जाहिरात निघेल तेव्हा माझी उमेदवारांना एक सूचना आहे. उड्डाणाचे तास, वैद्यकीय दाखला वगैरे जोडालच. सोबत वडिलोपार्जित जमिनीचा उताराही जोडा. सातबारा भोपाळला चालत नाही, तिथे खसरा लागतो. आणि जमीन २३३ कोटींची नसेल तर उगाच अर्ज करून खात्याचा वेळ खाऊ नका.