राणीबागेतली पदच्युत राणी

१/ भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाबाहेरील आवारात राणी व्हिक्टोरिया आणि तिच्या साम्राज्याचे कारभारी दगडी मौनात उभे आहेत. ते पाहून येणारे पुष्कळ जण संतापाने विचारतात, "ही गुलामीची अडगळ भंगारात का काढत नाही?" संताप समजण्याजोगा आहे, पण मागणी घातक आहे. का, ते या धाग्यात.

२/ पहिला गैरसमज असा की, हे सारे पुतळे इंग्रजांनी आपल्या खर्चाने आपल्यावर लादले. फोर्टात १८७२ साली उभारलेला, मॅथ्यू नोबल याने घडवलेला राणीचा संगमरवरी पुतळा ही बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांची देणगी होती.

३/ 'काळा घोडा' हा खरे तर युवराज एडवर्डचा अश्वारूढ पुतळा. युवराजाच्या १८७५-७६ च्या भारतभेटीचे ते स्मारक. त्याचा खर्च मुंबईचे धनाढ्य व्यापारी अल्बर्ट ससून यांनी केला. सत्तेपुढे झुकण्याची हौस घरचीच होती. पुतळे वितळवले की हा पुरावाही वितळतो.

४/ आता दुसरी बाजू. १८९६ मध्ये चापेकर बंधूंनी याच राणीच्या पुतळ्याला डांबर फासले आणि जोड्यांची माळ घातली. दामोदरपंतांनी पुढे त्याची कबुली दिली. देणगी आणि डांबर, दोन्हींचा साक्षीदार हा एकच दगड आहे. तो नष्ट केला तर चापेकरांच्या धाडसाची खूणही आपणच पुसू.

५/ १९६५ मध्ये असे पुतळे चौकांतून हलवून राणीबागेत आणले गेले. हा निर्णय योग्यच होता. चौक हे सन्मानाचे स्थान आहे, संग्रहालय हे चौकशीचे.

६/ म्हणूनच "काळा घोडा परत चौकात बसवा" हा हट्टही आम्हांस मान्य नाही. २०१७ मध्ये तिथे स्वाराविना नवा घोडा उभा राहिला. तो देखणा आहे, पण स्वार कोण होता आणि पैसे कोणी मोजले, हे त्याच्याकडे पाहून कळत नाही.

७/ याच आवारात घारापुरीचा दगडी हत्ती आहे. याच्यावरूनच पोर्तुगीजांनी बेटाला 'एलिफंटा' म्हटले. १८६४ मध्ये त्याला इंग्लंडला नेण्याचा घाट घातला गेला. उचलताना यारीच मोडली. तुकडे राणीबागेत आले आणि १९१४ मध्ये जोडले गेले. लुटीतून वाचलेला हत्ती आणि सिंहासनावरून उतरलेली राणी आज शेजारी आहेत. याहून बोलका धडा कोणत्या पाठ्यपुस्तकात आहे?

८/ तेव्हा मागणी करायचीच तर ही करा: प्रत्येक पुतळ्यापाशी, प्रथम मराठीत, ठळक लिहा की हा कोणी घडवला, पैसे कोणी दिले, अवमान कोणी केला आणि तो इथे कसा आला. नुसते नाव आणि साल पुरत नाही. जेत्यांचे पुतळे फोडायला हातोडा पुरतो. ते वाचायला मात्र स्वतःच्या पूर्वजांकडेही डोळे उघडून पाहावे लागते.