काचबिंदू आणि भाऊबीज

मार्गशीर्षात लोहा तालुक्यात माळेगावच्या खंडोबाची जत्रा भरते. घोडे, उंट, गाढवे आणि त्यांच्याहून कितीतरी अधिक माणसे! तो महापूर पाहिला की सेवाभावी मनुष्याच्या मनात येतेच, “इथेच नेत्रतपासणीचे शिबिर घातले तर?” मोतीबिंदूसाठी कल्पना उत्तम आहे. काचबिंदूसाठी मात्र माझा तिला विरोध आहे.

मोतीबिंदू हा सरळ पाहुणा. आला की दिसेनासे होते, शस्त्रक्रिया केली की दृष्टी परत मिळते. १९७६ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमाने आपल्याला त्याच्या शिबिरांची सवयही लावली आहे. काचबिंदू येतो तो चोरपावलांनी. डोळ्यातून मेंदूकडे जाणारी नस हळूहळू झिजते, कडेचे दिसणे आधी जाते, समोरचे मात्र स्वच्छ दिसत राहते. बहुधा दुखत नाही, खुपत नाही. कळते तेव्हा बरेच गेलेले असते आणि गेलेले परत येत नाही. उपचाराने उरलेले तेवढे राखता येते.

मग सगळ्यांनाच तपासले तर? थोडा हिशेब करू. समजा, चाळिशी उलटलेल्या १००० जणांत ३० जणांना काचबिंदू आहे, आणि आपली तपासणी १०० निरोगी माणसांत फक्त ५ जणांवर खोटा संशय घेते. तरी ९७० निरोगी माणसांपैकी अठ्ठेचाळीस-एक जणांच्या हाती “नांदेडला जा” अशी चिठ्ठी पडेल. रोग्यांपेक्षा निरोगीच जास्त! शिवाय नुसता दाब मोजून भागत नाही. तो २१ च्या आत असूनही नस झिजू शकते. नस पाहावी लागते, नजरेचा घेर मोजावा लागतो. जत्रेच्या धुळीत हे कसे जमावे?

म्हणून ही मोहीम शेवटाकडून आखावी. सापडलेल्या रोग्याला थेंब कोण पुरवणार, हा पहिला प्रश्न. थेंब रोजचे आणि बहुधा जन्मभराचे. सोयाबीन काढून पुण्याला किंवा हैदराबादला कामाला गेलेल्याने ते कुठून घ्यावेत? नांदेडजवळ विष्णुपुरीला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथे फेरतपासणीला जो आला नाही, त्याच्या घरी कोण जाणार? विल्सन आणि युंगनर यांनी १९६८ साली जागतिक आरोग्य संघटनेसाठी रोगतपासणीची जी सूत्रे लिहिली, त्यांतही उपचाराची सोय आवश्यक मानली आहे. सोय नसताना तपासणे म्हणजे चूल न पेटवता पंगतीचे आमंत्रण देणे.

लोह्यासाठी माझी योजना साधी आहे. मोतीबिंदूसाठी किंवा चाळिशीच्या चष्म्यासाठी जो येईल, त्याची नसही त्याच वेळी पाहावी. डोळे लाल झाले म्हणून दुकानातून स्टेरॉइडचे थेंब आणून महिनोन्‌महिने घालणाऱ्यांना शोधावे, कारण त्यानेही दाब वाढतो. आणि ज्यांना काचबिंदू ठरला आहे, त्यांच्या भावंडांना व मुलांना नावानिशी बोलवावे. त्यांना धोका इतरांपेक्षा बराच जास्त असतो. तीस-चाळीस घरांची ही वही हजारांच्या गर्दीहून मोलाची. जत्रा सोडू नये, पण तिथे यंत्रे न नेता माहिती न्यावी. तमाशाच्या फडावर दोन शब्द बोलले तरी ते गावोगाव पोहोचतात.

शहरातल्या वाचकहो, ही वही तुमच्या घरातही उघडता येईल. आईला, वडिलांना किंवा भावाला काचबिंदू असेल, तर भाऊबीजेला सगळी भावंडे पाटावर बसलेली असताना विषय काढा. चाळिशी उलटलेल्या बहिणीने यंदा ओवाळणीत साडीबरोबर एक वचन मागावे : “दादा, दिवाळी सरताच डोळे तपासून घे.” आणि दादानेही तिला सोबत न्यावे.