विश्लेषण : डोळ्याच्या पडद्याचा दाह कशामुळे? निदानात ‘ओसीटी’, ‘अँजिओग्राफी’ का महत्त्वाची?

डोळा लाल नाही, दुखतही नाही. पण समोर काळे ठिपके तरंगतात, अक्षरे वाकडी दिसतात. अशा तक्रारींमागे दृष्टिपटलाचा दाह असू शकतो. तो जंतुसंसर्गाने झाला की शरीराच्या प्रतिकारशक्तीनेच ओढवला, हे वेळेत कळले नाही, तर उपचारच डोळ्याच्या मुळावर येऊ शकतात.

पेच कोणता?

भारतात हा पेच क्षयरोगामुळे अधिक अवघड होतो. ‘सर्पिजिनस कोरॉइडायटिस’ या विकारात दृष्टिपटलाखालच्या ‘कोरॉइड’ या रक्तवाहिन्यांच्या थरावर नागमोडी चट्टे पसरतात. त्यावर स्टेरॉइड आणि प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे दिली जातात. क्षयाशी संबंधित चट्टे जवळपास तसेच दिसतात. तिथे नुसते स्टेरॉइड दिले तर जंतूंना मोकळे रान मिळते. मांटू चाचणीनेही प्रश्न सुटत नाही. सुप्त क्षयसंसर्ग असलेल्यांची संख्या देशात इतकी मोठी आहे की धडधाकट माणसाचीही चाचणी सकारात्मक येऊ शकते.

प्रतिमांतून काय कळते?

१९९१ मध्ये जगापुढे आलेली ‘ओसीटी’ प्रकाशकिरणांच्या साह्याने पडद्याचा उभा छेद दाखवते. सुई नाही, वेदना नाही. मध्यबिंदूजवळ साचलेले पाणी मायक्रॉनमध्ये मोजता येते आणि उपचारांनी सूज किती उतरली, हे पुढच्या भेटीत आकड्यांत दिसते.

फ्लुरोसिन अँजिओग्राफीत हाताच्या शिरेतून रंगद्रव्य देऊन छायाचित्रे घेतात. कोणती रक्तवाहिनी पाझरते, कुठे रक्तपुरवठा तुटला, हे त्यातून उमगते. तपासणीनंतर त्वचा आणि लघवी काही काळ पिवळी दिसते, त्याने घाबरण्याचे कारण नाही. मळमळ होऊ शकते. गंभीर ॲलर्जी मात्र क्वचितच. ‘ओसीटी अँजिओग्राफी’ला रंगद्रव्य लागत नाही, पण ती पाझर दाखवत नाही. त्यामुळे नवी तपासणी आली म्हणून जुनी मोडीत काढता येत नाही.

‘ऑटोफ्लुरोसन्स’ तपासणीत सक्रिय चट्ट्याची कड उजळ दिसते, तर बरा झालेला भाग काळवंडतो.

मग निदान पक्के होते का?

केवळ प्रतिमांवरून नाही. विखुरलेले अनेक चट्टे आणि डोळ्यातील द्रवात दाहाच्या पेशी दिसल्यास क्षयाचा संशय बळावतो. पण छातीचे सीटी स्कॅन, रक्तचाचणी, गरजेनुसार डोळ्यातील द्रवाची पीसीआर यांची जोड लागते. शिवाय मोतीबिंदू किंवा दाहामुळे आलेली गढूळता असेल तर प्रतिमाच धूसर येतात.

उपचार सुरू झाल्यावर काय?

क्षयविरोधी औषधे सुरू झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांत चट्टे कधी कधी वाढतात. मेलेल्या जंतूंविरुद्ध शरीराने दिलेली ही प्रतिक्रिया असू शकते. अशा वेळी निदान चुकले असे समजून औषधे थांबवण्याचा मोह होतो. आधीच्या प्रतिमा हाताशी असतील, तर औषधे तशीच ठेवून स्टेरॉइडची मात्रा वाढवायची की निदानाचा फेरविचार करायचा, हे डॉक्टरांना ठरवता येते. म्हणूनच रुग्णाने पहिल्या तपासणीच्या प्रतिमा जपून ठेवणे आणि डॉक्टर बदलला तरी त्या सोबत नेणे आवश्यक असते.