आधी डाव बघ, मग पान उचल

गुरुग्रामच्या गोल्फ कोर्स रोडवरच्या उंच इमारतीतले एखादे मराठी घर डोळ्यांसमोर आणावे. मुलगा-सून नोकरीच्या निमित्ताने इथे स्थायिक झालेली, सासूबाई पुण्याहून दोन महिन्यांसाठी आलेल्या. रात्रीची जेवणे आटोपली, की सून सोफ्यावर टेकते आणि मोबाइलवर फ्रीसेलचा डाव मांडते. पाच मिनिटांत डाव अडतो. ती दुसरा मांडते, तोही अडतो. चौथ्या डावाला ती वैतागून म्हणते, ‘‘आज पानंच वाईट येताहेत!’’

उद्याची भाजी निवडत बसलेल्या सासूबाई चष्म्यावरून पाहतात. ‘‘अगं, पानं वाटून होत नाहीत तोच तू पहिलं पान हलवतेस. आधी डाव बघ तरी!’’

सासूबाई फ्रीसेल कधी खेळलेल्या नसतात. त्यांचा खेळ बदाम सात. पण त्यांनी नेमके दुखणे ओळखलेले असते.

दोष पानांचा नाही

एकट्याने खेळायच्या पत्त्यांच्या खेळांना ‘पेशन्स’ म्हणतात. आपल्याकडेही ‘पेशन्स लावणे’ हा शब्दप्रयोग जुनाच आहे. पेशन्स म्हणजे धीर. या खेळांतला ‘फ्रीसेल’ संगणकावर आणला तो १९७८ मध्ये, अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात पॉल अल्फिल या विद्यार्थ्याने. पुढे विंडोज ९५ बरोबर तो घरोघरी पोहोचला आणि आता मोबाइलवर आहे.

या खेळाचे वैशिष्ट्य असे, की बावन्नच्या बावन्न पाने सुरुवातीपासून उघडी असतात. आठ उभ्या रांगा, पाने तात्पुरती ठेवायला चार रिकामी घरे, आणि एक्क्यापासून राजापर्यंत चढत जाणारे इस्पिक, बदाम, चौकट, किलवर यांचे चार ढीग. झाकलेले काहीच नाही.

मग नशिबाचा भाग किती? विंडोजच्या जुन्या फ्रीसेलमध्ये क्रमांक दिलेले ३२,००० डाव होते. १९९४-९५ मध्ये हौशी खेळाडूंनी ते आपापसांत वाटून घेऊन सोडवले. फक्त एक डाव कोणालाच सुटला नाही, क्रमांक ११९८२! बाकी सगळे सुटले. म्हणजे ‘पानंच वाईट’ ही तक्रार ३२,००० डावांत एकदाच खरी. इतर वेळी चूक कुठे झाली, ते आपणच शोधायचे.

अर्थात, सगळेच पेशन्स असे नसतात. ज्याला आपण नुसते सॉलिटेअर म्हणतो, त्यात बरीच पाने झाकलेली असतात आणि काही डाव कितीही हुशारीने खेळले तरी सुटत नाहीत. तिथे हरण्याचे वाईट वाटून घेऊ नये. आपण कोणता खेळ खेळतो आहोत हे ओळखणे, हीसुद्धा खेळातली अक्कलच.

एक घर रिकामे हवे

फ्रीसेलमध्ये सुधारणा करायची तर पहिली दोन मिनिटे हात बांधून बसावे. चार एक्के आणि चार दुऱ्या कुठे अडकल्या आहेत, त्यांच्यावर किती पाने आहेत, हे मोजावे. ज्या रांगेत त्या खोल दबल्या असतील, तिथूनच कामाला सुरुवात करावी. समोर सहज दिसणारी खेळी बहुधा फसवी असते.

दुसरी गोष्ट रिकाम्या घरांची. चारही घरे मोकळी असतील तर क्रमाने लागलेली पाच पाने एकदम हलवता येतात. तीन घरे भरली, की दोनच. पानागणिक हात आखडत जातो. म्हणून घर भरताना ‘हे पान इथून कधी निघेल?’ असे स्वतःला विचारावे. उत्तर नसेल तर ते पान उचलू नये. एखादी पूर्ण रांग रिकामी झाली, तर हलवता येणाऱ्या पानांची संख्या दुप्पट होते. ती रांग लगेच भरून टाकण्याची घाई करू नये.

बदाम सातमध्ये आपण छक्की हातात दाबून दुसऱ्याला अडवतो. इथे अडवायला दुसरे कोणी नसते. आपणच पाने दाबतो आणि आपणच अडतो!

आणि डाव अडलाच, तर नवा मांडण्याऐवजी तोच पुन्हा मांडावा. नवा डाव चुकीचा विसर पाडतो, जुना डाव ती दाखवतो.

पैसा आला, की धीर जातो

हा सगळा धीर जमतो, कारण हरल्यावर खिशातून काही जात नाही. पैसे लावले, की गणित बदलते. गेलेले परत मिळवण्यासाठी माणूस घाईने पुढचा डाव मांडतो आणि घाईच त्याला हरवते.

रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्येच म्हटले होते. मोबाइलवरच्या पैशांच्या रमीचा आणि पोकरचा व्यवसाय याच आधारावर वाढला. त्यातल्या काही कंपन्यांची कार्यालये गुरुग्राममध्येच होती. पण खेळ कौशल्याचा असला, तरी हरणाऱ्याच्या घरातला पगार जायचा तो जातच होता. अखेर ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांचा कायदा संमत केला. खेळ कौशल्याचा असो वा नशिबाचा, पैसे लावून तो चालवण्यास या कायद्याने मनाई केली. त्यात शिक्षा खेळ चालवणाऱ्यांना आणि त्याची जाहिरात करणाऱ्यांना आहे, खेळणाऱ्यांना नाही. कायदा दुकान बंद करू शकतो, हाताची सवय मात्र घरानेच मोडायची असते. घरातले कोणी मोबाइल लपवून खेळत असेल, हरल्याची रक्कम सांगत नसेल, तर रागावण्याआधी शेजारी बसून हिशेब विचारावा.

सोफ्यावरच्या सुनेने एव्हाना तोच अडलेला डाव पुन्हा मांडलेला असतो. बराच वेळ बोट हलत नाही. सासूबाईंची भाजी निवडून होते.

‘‘काय गं, झोप लागली की काय?’’

‘‘नाही आई, डाव बघतेय.’’