खनिजाचे नाव : रसायनाचे की गावाचे?

१/ खनिजाला रासायनिक घटनेवरून नाव देणे शास्त्रीय आणि गावावरून देणे भाबडे, असा एक समज आहे. स्कॉटलंडमधील लेडहिल्स येथील शिशाच्या खाणींचा इतिहास नेमके उलट सांगतो.

२/ १८२० मध्ये हेन्री जेम्स ब्रूक यांनी तेथील दोन खनिजांना पृथक्करणावरून नावे दिली : शिशाचे 'सल्फेटो-कार्बोनेट' आणि 'सल्फेटो-ट्राय-कार्बोनेट'. १८३२ मध्ये फ्रेंच खनिजशास्त्रज्ञ ब्यूदाँ यांनी पहिल्याला लॅनार्क परगण्यावरून 'लॅनार्काइट', तर दुसऱ्याला गावावरून 'लेडहिलाइट' म्हटले.

३/ पुढे लॅनार्काइटमध्ये कार्बोनेट मुळीच नसल्याचे सिद्ध झाले. लेडहिलाइटमध्येही एका सल्फेटमागे कार्बोनेट तीन नव्हे, दोनच निघाले. रसायनावरची दोन्ही नावे मोडीत निघाली, भूमीवरची टिकली.

४/ लेडहिलाइटचेच सूत्र, पण वेगळी स्फटिकरचना असलेली आणखी दोन खनिजे आहेत : सुसॅनाइट व मॅकफर्सनाइट. केवळ सूत्र पाहिले तर तिघांना एकच नाव द्यावे लागले असते. सुसॅनाइट मात्र आजही सुसॅना खाणीचे स्मरण जागते ठेवते.

५/ वर्गीकरण रसायनाने व स्फटिकरचनेनेच व्हावे; नवा पुरावा आला की ते बदलावेही. स्थलनाम सांगते ते नमुन्याचे उगमस्थान, आणि पृथक्करण चुकले म्हणून ती नोंद खोटी ठरत नाही. अशा नावांना 'अशास्त्रीय' म्हणून हिणवण्यात इतिहासाइतकीच विज्ञानाचीही हानी आहे.