मनगटावरची कीर्द

दिवाळी अंकासाठी लिहायला बसलो म्हणजे दरवर्षी एकच प्रश्न पडतो : यंदा वाचकांपुढे काय ठेवावे? फराळाची ताटे सगळ्यांच्या घरी भरलेली असतात, त्यांत माझ्या चकल्यांची भर कशाला? पण यंदा विषय शोधावा लागला नाही. तो गेले वर्षभर माझ्या डाव्या मनगटाला बांधलेलाच आहे.

गेल्या दिवाळीत आमची लेक आणि जावई पुण्याहून आले. माझ्यासाठी शर्टाचे कापड आणले असेल असा माझा अंदाज होता. खोक्यातून निघाले एक काळेभोर घड्याळ.

"बाबा, हे नुसतं घड्याळ नाही बरं का! तुमची पावलं मोजतं, नाडी मोजतं, झोप मोजतं, रक्तातला ऑक्सिजनसुद्धा सांगतं."

आमची मंडळी चिवड्याची बशी घेऊन तेवढ्यात बाहेर आली. म्हणाली, "आणि बाजारातून आणायला सांगितलेलं काय काय विसरून आले, तेही सांगतं का गं?"

मी ३६ वर्षे बँकेत हिशेब केले. माझे वडील एका पेढीवर दिवाणजी होते. आकड्यांचे वेड आमच्या घराण्यातलेच. निवृत्त झाल्यापासून मोजायला काही उरले नव्हते. आता स्वतःलाच मोजायची सोय झाली. मग काय विचारता! महिन्याभरात मी त्या घड्याळाचा पगारी नव्हे, बिनपगारी नोकर झालो. रोज १०,००० पावले झालीच पाहिजेत. रात्री साडेदहाला आकडा ९,६४० वर अडलेला दिसला, की स्वयंपाकघरापासून गॅलरीपर्यंत माझ्या येरझाऱ्या सुरू. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी एके दिवशी जिन्यात काळजीने विचारले, "काकांना अलीकडे झोप लागत नाही का हो?"

हा दहा हजारांचा आकडा आला तरी कुठून, याचा तेव्हा मी छडा लावला. तो कुठल्या वैद्यकाच्या ग्रंथातून आलेला नाही. १९६४ साली टोकियोला ऑलिंपिक झाले आणि जपानात व्यायामाची लाट आली. पुढल्याच वर्षी, १९६५ साली, यामासा नावाच्या कंपनीने कमरेला लावायचे एक पावले मोजणारे यंत्र बाजारात आणले. त्याचे नाव 'मानपो-केई', म्हणजे 'दहा हजार पावलांचे मापक'. आकडा गोल, सांगायला सोपा, खपायला चांगला. एका मालाच्या नावापायी मी साठ वर्षांनी दादरच्या गॅलरीत मध्यरात्री येरझाऱ्या घालत होतो!

आकडा मुळीच खोटा नाही, पण तो लक्ष्मणरेषाही नाही. हार्वर्ड विद्यापीठातील आय-मिन ली यांनी २०१९ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. अमेरिकेतल्या १६,७४१ स्त्रियांच्या कमरेला त्यांनी आठवडाभर यंत्र लावले होते. या स्त्रियांचे सरासरी वय होते ७२. पुढे चार वर्षांहून थोडा अधिक काळ त्यांची नोंद ठेवली. दिवसाला सुमारे २,७०० पावले चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० पावले चालणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण ४१ टक्क्यांनी कमी भरले. पुढे हा लाभ वाढत वाढत ७,५०० च्या आसपास येऊन थांबला. आता, ज्यांची प्रकृती मुळात बरी ती माणसे जास्त चालतात हेही खरेच, तेव्हा सगळे श्रेय पावलांना देता येणार नाही. पण आमच्या वयाच्या माणसाने ९,६४० वर स्वस्थ झोपावे, एवढा दिलासा त्यात नक्कीच आहे.

बरे, ही पावले तरी घड्याळ मोजते कशी? त्याला आपले पाय दिसत नाहीत. हाताचा झोका कळतो. त्याच्या पोटात एक बारीकसा संवेदक असतो. हात तालात हलला की तो म्हणतो, पडले पाऊल! त्यामुळे गणपतीत मी आरतीला झांजा वाजवल्या, तेव्हा देवापुढून जागचा न हलता माझी सहाशे पावले झाली. "चला, बाप्पानं प्रदक्षिणा मोजून घेतल्या," इति मंडळी. उलट, मंडईतून दोन्ही हातांत जड पिशव्या घेऊन घरी आलो, घामाघूम झालो, तर त्यातली कितीतरी पावले खात्यावर पडलीच नाहीत. हात हलला नव्हता ना!

नाडीचे तंत्र निराळे. घड्याळाच्या पाठीवर हिरवा उजेड लुकलुकतो, तो आपण पाहिलाच असेल. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेते. ठोका पडला की मनगटात रक्त अधिक येते, परतणारा प्रकाश कमी होतो. या कमी-अधिकाची मोजणी म्हणजे नाडी. स्वस्थ बसल्यावर ही मोजणी चांगली जमते. पट्टा ढिला असला, हात जोरात हलत असला, की ती चुकते. वैद्यबुवासुद्धा नाडी पाहताना "हात स्थिर ठेवा" म्हणतात, ते काही उगीच नाही.

आणि कॅलरी? तिथे मात्र घड्याळाने मला साफ बुडवले. सकाळच्या फेरीत ३१० कॅलरी जळल्या असे ते म्हणाले, म्हणून मी निर्धास्तपणे दोन अनरसे खाल्ले. पुढे वाचले, की स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २०१७ साली सात प्रकारची मनगटी यंत्रे तपासली होती. नाडीत सातांपैकी सहा यंत्रांची चूक ५ टक्क्यांच्या आत होती. पण कॅलरींच्या हिशेबात त्यांतले सर्वांत बरे यंत्रसुद्धा सरासरी २७ टक्क्यांनी चुकले आणि सर्वांत वाईट ९३ टक्क्यांनी! बँकेत असा कारकून मी दुपारपर्यंतसुद्धा ठेवला नसता.

झोपेचेही तेच. एका सकाळी मी छान ताजातवाना उठलो. घड्याळात पाहिले तर झोपेला शंभरात ५८ गुण. झाले! दिवसभर मला जांभया येत राहिल्या. झोपेच्या पायऱ्या नीट ओळखायच्या तर मेंदूच्या लहरी पाहाव्या लागतात. मनगट हालचालीवरून आणि नाडीवरून अंदाज बांधते. या गुणांच्या पाठी लागून झोप उडालेली माणसे अमेरिकेतल्या डॉक्टरांकडे येऊ लागली, तेव्हा २०१७ साली त्यांनी या काळजीला 'ऑर्थोसोम्निया' असे नावच देऊन टाकले.

मला तेव्हा वडिलांची आठवण झाली. ते पेढीवर रोज संध्याकाळी कीर्द लिहीत. मी लहानपणी शेजारी बसून विचारायचो, "आज खूप पैसे आले, म्हणजे शेट श्रीमंत झाले ना?" ते हसून म्हणायचे, "अरे, कीर्दीवरून कुणाची पत ठरत नसते. आधी खतावणी करायची, मग ताळेबंद मांडायचा."

घड्याळ लिहिते ती कीर्द. आजचा एक आकडा म्हणजे काही नव्हे. मग मी दर रविवारी खतावणी करू लागलो. एका वहीत दोनच रकाने : आठवड्याची सरासरी पावले आणि स्वस्थ असतानाची नाडी. मोठ्या माणसाची अशी नाडी मिनिटाला ६० ते १०० असली तर साधारण ठीक समजतात. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी ती मंदावते, तेव्हा शेजाऱ्याच्या आकड्याशी आपला आकडा लावू नये. आपली तुलना आपल्याशीच. माझी नाडी ६४ च्या आसपास असते. जुलैत एकदा ती तीन दिवसांत ६६, ७१, ७४ अशी चढली. मला काहीच होत नव्हते. चौथ्या दिवशी ताप भरला. ताप येणार हे घड्याळाला ठाऊक होते असे मी म्हणत नाही. पण शरीरात काही हालचाल सुरू असल्याची नोंद वहीत आधी पडली होती, एवढे खरे.

इथवर सारी गंमतच होती. आता जे सांगणार आहे, ते सांगताना मला आजही ओशाळल्यासारखे होते.

आमच्या मंडळींचे थोरले बंधू, ज्यांना घरात सगळे दादा म्हणतात, त्यांना असलेच घड्याळ घ्यायला मीच लावले होते. गेल्या फेब्रुवारीत एका सकाळी त्यांचा फोन आला. फिरून आल्यापासून छातीवर कुणी पाटा ठेवल्यासारखे वाटते आहे, डावा खांदा ठणकतो आहे, घामही फार आला.

आणि वाचकहो, मी काय विचारले असेल? मी विचारले, "दादा, घड्याळ काय म्हणतंय?"

"नाडी ८२. ऑक्सिजन ९७. बोट लावून तो ईसीजीपण काढला, नॉर्मल म्हणतोय."

"मग काही नाही हो. पित्त असेल. थोडं पडा."

दादा पडले. सुमारे चाळीस मिनिटे पडून होते. वहिनी देवपूजा आटोपून बाहेर आल्या, त्यांनी दादांचा चेहरा पाहिला, कपाळाला हात लावला. घड्याळाकडे पाहिलेसुद्धा नाही. शेजारच्या मुलाला हाक मारून १०८ क्रमांकाला फोन करायला लावला. इस्पितळात कळले, की हृदयाच्या एका रक्तवाहिनीत गुठळी अडकली होती. त्याच दुपारी स्टेंट बसवला.

दोन दिवसांनी डॉक्टरांना मी भीत भीत विचारले, "पण घड्याळात तर सगळं ठीक होतं..."

ते रागावले नाहीत. म्हणाले, "घड्याळ खोटं बोललं नाही. तुम्ही त्याला न येणारा प्रश्न विचारलात. ते ठोक्यांचा ताल बघतं. ताल ठीक, ऑक्सिजन ठीक, आणि तरी वाहिनी तुंबलेली, असं होऊ शकतं. आमचं यंत्र हृदयाकडे बारा बाजूंनी बघतं, तुमचं एकाच खिडकीतून. आणि आम्हीसुद्धा नुसत्या ईसीजीवर थांबत नाही, रक्त तपासतो. छातीत असं दुखलं, तर घड्याळ बघण्यात एक मिनिटही घालवू नका."

कीर्दीत जे लिहिलेच जात नाही, ते तिथे शोधणारा हिशेबनीस मी! चाळीस मिनिटे दादांच्या खात्यातून गेली, आणि ती मी घालवली. दादा वाचले ते वहिनींमुळे.

घरी येऊन मी घड्याळ काढून कपाटात ठेवले. चार दिवसांनी दादांनीच फोन करून पुन्हा बांधायला लावले. त्यांच्या डॉक्टरांनी त्यांना हळूहळू चालणे वाढवायला सांगितले होते, आणि त्या कामी ते घड्याळ उत्तम होते. तालातला बिघाड मात्र ते कधी कधी पकडते, हेही न्यायाने सांगितले पाहिजे. अमेरिकेत चार लाखांहून अधिक लोकांच्या मनगटावर झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, २०१९ साली तो प्रसिद्ध झाला, शेकडा अर्ध्या माणसाला नाडी अनियमित असल्याची सूचना मिळाली. त्यांतल्या ज्यांनी नंतर छातीवर ईसीजीची पट्टी लावून तपासून घेतले, त्यांच्यापैकी ३४ टक्क्यांत तो दोष खरोखर आढळला. म्हणजे सूचना आली तर घाबरू नये आणि झटकूही नये; डॉक्टरांना दाखवावी. पण सूचना आली नाही, म्हणजे सारे कुशल, असा उलटा अर्थ कधीही काढू नये. माझी चूक नेमकी तीच होती.

आता लक्ष्मीपूजनाला वडिलांच्या जुन्या कीर्दीशेजारी माझी ती दोन रकान्यांची वहीही मी पाटावर मांडणार आहे. तिच्या पहिल्या पानावर मी एक ओळ लिहून ठेवली आहे : दुखणे या वहीत नोंदले जात नाही.

दादा आणि वहिनी यंदा भाऊबिजेला आमच्याकडे येणार आहेत. दादा आता शिवाजी पार्कला एक फेरी आरामात पुरी करतात. परवा फोनवर ते उत्साहाने सांगू लागले, "अरे, आज ५,२०० झाली!"

मी म्हटले, "ते राहू द्या हो दादा. आधी सांगा, तुम्हाला कसं वाटतंय?"

पलीकडून वहिनींचा आवाज आला, "भावजी, हा प्रश्न फेब्रुवारीत विचारायचा होता!"

त्या हसत होत्या. मीही हसलो, पण वाचकहो, तेवढे बोलणे मला लागायलाच हवे होते. घरोघरी यंदा अशी घड्याळे भेट येतील. ती खुशाल बांधा, पावले मोजा, रविवारी खतावणी करा. मात्र घरातल्या माणसाचा चेहरा उतरलेला दिसला, की त्याच्या मनगटाकडे नव्हे, चेहऱ्याकडे बघा.

ही दिवाळी आपणां सर्वांना निरामय आरोग्याची जावो.